बोर्दोला ऊन दाखवलं

थांबा म्हणे! अठरा वर्षं थांबा म्हणे! नाही, तुम्हीच मला सांगा, बाटली माझ्या घरात, बाटलीत वाइन, वाइन थेट फ्रान्सची, मी धडधाकट, माझं तोंड जागच्या जागी... आणि करायचं काय, तर थांबायचं! म्हणजे माणसाला जेवायला बसवायचं, पान वाढायचं, भातावर तुपाची धार सोडायची, आणि मग म्हणायचं, 'हं, आता अठरा वर्षांनी सुरू करा'! असं कुठं असतं का हो?

तुम्हाला सांगतो, दुसरा कुणी असता तर थांबलाही असता. पण मी? नवनाथ? ज्यानं सातपूरला आख्खी नोकरी डिस्पॅचमध्ये काढली तो? अहो, आमच्या खात्यात 'थांबा' ही शिवी होती! माल आला, पॅकिंग झालं, चलन फाडलं, गाडी गेटाबाहेर. नुसती उभी असलेली गाडी दिसली तरी मी गेटाकडं धावत सुटायचो. मुलगी बघायला गेलो तेव्हासुद्धा, पोहे खाल्ले, पाणी प्यायलो, आणि म्हटलं, 'काय ते आजच ठरवून टाकू.' आमची लता अजून माहेरच्यांना सांगते, 'हे मला बघायला नव्हते आले, उचलायला आले होते.' आणि अशा माणसाला, थांबा म्हणे!

आता ही बाटली आली कुठून? तेही सांगतो. आमची स्नेहा, एकुलती एक, इंजिनिअर झाली, विमानाच्या कंपनीत लागली. म्हटलं छान, ओझरला जाईल, संध्याकाळी घरी येईल. कसलं ओझर! कंपनी निघाली फ्रान्सची, पोरगी गेली तिकडं, आणि तिकडंच जमवलं. जावयाचं नाव पास्काल. पोरगा चांगला आहे हो. मिसळ खातो, नाकाडोळ्यांतून पाणी गळतं, लालबुंद होतो, आणि परत पाव मागतो. माणूस कसा आहे ते मिसळीवर कळतं. त्याचे वडील जेरार, म्हणजे आमचे व्याही. विहीणबाई नाहीत, एकटेच असतात, बोर्दोच्या बाजूला एका खेड्यात. बोर्दो म्हणजे, तुम्हाला सांगतो, तिकडचं नाशिकच समजा. नजर जाईल तिथवर द्राक्षबागा. फरक एवढाच की आपण द्राक्ष तोडतो, तोंडात टाकतो, मोकळे होतो. ते लोक द्राक्ष पिंपात कोंडतात, मग बाटलीत कोंडतात, आणि मग आख्खं गाव हाताची घडी घालून वाट बघत बसतं. अरे, कशाची वाट बघता?

तर तारा झाली. माझी नात. काय सांगू तुम्हाला, फोनच्या पडद्यावर पहिल्यांदा पाहिली, एवढीशी, दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या, आणि नाक आमच्या लताचं... मी रडलो. हो, रडलो, त्यात लाजायचं काय? नामकरणाला सगळे नाशिकला आले. कॉलनीतल्या विहारात वंदना झाली, नाव ठेवलं, जेवणं झाली, आणि घरी आल्यावर व्याहीबुवांनी बॅग उघडली. एक स्वेटर काढला, त्यात दुसरा स्वेटर, त्यात तिसरा... मला वाटलं, आता आतून मफलर निघतो बहुतेक. तर आतून निघाली बाटली! आणि ती माझ्या हातात दिली कशी, तर दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन, पोराला देतात तशी.

स्नेहा म्हणाली, 'पप्पा, त्यांच्या गावची वाइन आहे. आमचं लग्न झालं ना, त्या वर्षीच्या द्राक्षांची. तारा अठराची झाली की उघडायची. त्यांच्याकडे घरातलं मोठं माणूस अशी बाटली सांभाळतं. ते म्हणाले, नाशिकचे आजोबा सांभाळतील.'

हे ऐकून मी फुललोच हो! एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून लताचा आवाज. 'ह्या घरात बाटली? दर पौर्णिमेला पंचशील घेतो आपण!' स्नेहा म्हणाली, 'आई, प्यायची नाहीये, ठेवायचीय.' लता जवळ आली. बाटलीकडं बघितलं, व्याह्यांकडं बघितलं, पाळण्याकडं बघितलं. मग म्हणाली, 'बंद आहे तोवर ती दारू नाही. ती माझ्या नातीची ठेव आहे.' झालं! निकाल लागला. आमच्या घरात हायकोर्टही तेच आणि सुप्रीमही तेच.

मग व्याहीबुवांनी त्या वाइनची माहिती द्यायला सुरुवात केली. ते फ्रेंचमध्ये बोलणार, स्नेहा मराठीत सांगणार. म्हणाले, 'आत्ता ही वाइन रागात आहे.' घ्या! बाटली रागात! 'आत्ता उघडाल तर तुरट लागेल, जीभ ओढून धरेल, हिरड्या आवळून येतील. हा तुरटपणा सालीचा आणि बियांचा. पण तोच तिचा कणा. तो आहे म्हणून ती टिकणार. वर्षं जातील तसा तो मऊ होत जाईल, आणि त्याच्यामागं दडलेलं एकेक बाहेर यायला लागेल.' मी म्हटलं, 'काय काय येईल बाहेर?' तर ते डोळे मिटून, एकेक बोट मिटत सांगायला लागले. काळंभोर रानफळ, करवंदासारखं. नुकतीच टोक काढलेली पेन्सिल. जुनं चामडं. देवदाराचं लाकूड. तंबाखूची डबी. ओली माती, वाळका पाला... मी लताला म्हटलं, 'अगं, हे तर माझं सातवीचं दप्तर!'

खरं सांगतो, सगळं होतं त्यात! करवंदं होती, पेन्सिलीची टरफलं होती, आजोबांची डबी चुकून यायची... आमच्या दप्तराला कुणी अठरा वर्षं जपलं असतं तर आज फ्रान्समध्ये लिलाव झाला असता. पण लताचं लक्ष भलतीकडंच. ती स्नेहाला विचारते, 'तुरट असतं आणि मग मऊ होतं, असंच म्हणाले ना ते? किती वर्षांत? कारण ह्यांच्याबाबतीत मी अजून वाट बघतेय.' एवढं बोलली आणि चहा टाकायला आत निघून गेली. हे लक्षात ठेवा, ती आत गेली. कारण पुढची सगळी कलमं तिच्या पाठीमागं सांगितली गेली.

कलमं म्हणजे काय, तर बाटली आडवी ठेवायची, बूच आतून ओलं राहिलं पाहिजे. अंधारात ठेवायची. हलवायची नाही, धक्का नाही, थरथर नाही. आणि गारव्यात ठेवायची. मी म्हटलं, 'गारवा म्हणजे किती?' म्हणाले, 'तेरा-चौदा अंश, बारा महिने.' अहो व्याहीबुवा, हे नाशिक आहे! आमच्याकडं एप्रिलमध्ये नळाला चहा येतो, नुसती पावडर टाकायची बाकी असते! चौदा अंश इथं डिसेंबरात पहाटे असतात, आणि तेही लोक शेकोटी करून घालवून टाकतात! पास्काल म्हणाला, 'वाइनचा छोटा फ्रिज मिळतो, मी पाठवतो.' मी म्हटलं, 'काही गरज नाही.' नाशिकचा आजोबा आहे मी! मला काय एक बाटली सांभाळता येत नाही?

नाही आली. पहिल्यांदा ठेवली पलंगाखाली. लताचा झाडू रोज खाडकन बाटलीवर. मग ठेवली माळ्यावर. तिथं हात लावला तर माळा तव्यासारखा. घरच्या फ्रिजमध्ये ठेवावी तर व्याही सांगून गेलेले की नको, आत बूच वाळतं, आणि दर दोन मिनिटांनी आमच्याकडं ते दार आपटतं. शेवटी अडगळीच्या खोलीत एक लाकडी खोका ठेवला, त्यात वाळू भरली, वाळूत बाटली आडवी, वर ओलं गोणपाट, आणि सकाळ-संध्याकाळ गोणपाटावर पाणी. कांद्याच्या रोपाला कुणी जपत नाही एवढं जपलं! अंश मोजायला घरातला थर्मामीटर टांगला. पण तो तापाचा. तो पस्तिसाच्या खाली उतरतच नाही! म्हणजे मला रोज एवढंच कळायचं, की बाटलीला ताप नाही.

आणि थरथर? मिक्सर बंद! 'चटणी पाट्यावर वाट,' म्हटलं. लतानं माझ्याकडं असं काही बघितलं की दुसऱ्या दिवसापासून पाट्यावर मी बसलो. शेजारचा सनी, कॉलेजात जातो, त्याचे स्पीकर आमच्या भिंतीला लागून. मी गेलो, म्हटलं, 'सनी, बाळा, जरा बेस कमी कर, पलीकडं वाइन झोपलीय.' त्यानं आईला हाक मारली, 'मम्मी, काका बघ कसं बोलताहेत!' कॉलनीत झालं सुरू. 'नवनाथराव गेले कामातून.' जो तो रस्त्यात अडवणार, 'काय, उघडली का?' नाही हो. 'मग कधी?' तारा अठराची झाल्यावर. 'मग तोवर काय करायचं?' काय करायचं? थांबा म्हणे!

तुम्हाला एक गंमत सांगू का पण? मला ना, हळूहळू ते आवडायला लागलं. गोणपाट उचलायचं, बाटलीकडं बघायचं, आत काहीतरी चाललंय, आपल्याला दिसत नाही पण चाललंय, तुरटपणा विरघळतोय, करवंद पुढं सरकतंय, पेन्सिलीला कुणीतरी टोक काढतंय... आणि तिकडं तारा उपडी पडतेय, बसतेय, दात येताहेत. दोघींचं एकदमच चाललेलं. रोज मी खोक्याशी उकिडवा बसून सांगायचो, 'आज तारा आ-आ म्हणाली बरं का!' आता तुम्ही हसा. पण ज्याची नात साडेचार हजार मैलांवर असते ना, तो कशाशीही बोलतो.

आणि मग आला मे महिना. कॉलनीची बोधगयेची सहल निघाली. मी नाव दिलं. लता म्हणाली, 'मी नाही येणार, माझा लोणच्याचा मोसम.' हे तुम्हाला सांगायला हवं, की आमची लता म्हणजे कॉलनीची लोणचेवाली. विकत नाही हो, वाटते. लिंबाचं लोणचं, साखरआंबा, कैरीचा तक्कू, मिरच्या... मे महिन्यात आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते, नुसत्या बरण्या. मुरवणं हा तिचा प्रांत. तिथं तिच्यापुढं कुणी बोलायचं नाही.

तर मी निघालो. खाली रिक्षा हॉर्न मारतेय, गाडीची वेळ झालेली, आणि आमच्या अंगात डिस्पॅच संचारलेलं. जिना उतरता उतरता मी ओरडलो, 'लता, बाटलीकडं बघशील! मुरायला ठेवलीय ती!' बस. एवढंच. ना आडवी म्हणालो, ना अंधार म्हणालो. वाटलं, सांगितलं म्हणजे झालं. चलन फाडलं, गाडी गेटाबाहेर!

बोधगयेला मन फार शांत झालं माझं. फार. ते शेवटचं.

परत आलो, चप्पल काढली, पाणीसुद्धा न पिता अडगळीच्या खोलीत गेलो. गोणपाट उचललं... वाळू! नुसती वाळू! माझं काळीज चप्पल घालून बाहेर पडलं. 'लता! बाटली कुठाय?' आतून शांतपणे, 'वर.' 'वर म्हणजे?' 'वर म्हणजे गच्चीवर. ऊन दाखवतेय तिला.'

तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी जिना चढलो नाही, मी पोचलो! वर बघतो तर काय... ओळीनं बरण्या, प्रत्येकीच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. लिंबाचं लोणचं, साखरआंबा, तक्कू, मिरच्या, आणि मधोमध, उभी, ताठ, गळ्याभोवती पांढरं फडकं, मे महिन्याच्या उन्हात... आमची बोर्दो! हात लावला तर चटका बसला. लेबलवर मोठ्या वाड्याचं चित्र होतं, ते उडून नुसत्या पायऱ्या राहिल्या होत्या. बूच वर आलेलं, आणि त्याच्या कडेनं लाल ओघळ. मी मटकन खाली बसलो, आणि बसलो तो तापलेल्या फरशीवर, म्हणून तसाच उठलो.

मागून लता आली, पदराला हात पुसत. मी म्हटलं, 'हे काय केलंस?' ती म्हणाली, 'काय केलं म्हणजे? तुम्हीच म्हणालात ना, मुरायला ठेवलीय? अंधारात, ओल्या गोणपाटाखाली कधी काही मुरतं का? बुरा येतो त्याला! इतके महिने तुमचं ते चाललेलं मला बघवत नव्हतं, पण गप्प बसले. म्हटलं पुरुष माणूस आहे, करू दे. पण माझ्यावर सोपवलीत ना? मग मी माझ्या पद्धतीनं केलं. रोज सकाळी ऊन लागेल तशी सरकवते. दिवसातनं एकदा हलवते, खालचं वर, वरचं खाली. एक दिवस खाडा नाही.' मी म्हटलं, 'हलवलीससुद्धा?' 'मग? न हलवता मुरायला ते काय सरकारी काम आहे?'

आता भांडायचं कुणाशी? जिनं त्या बाटलीला पोटच्या पोरासारखं रोज ऊन दाखवलं तिच्याशी? तिचा चेहरा नुसता अभिमानानं फुललेला! आणि चूक कुणाची? जिन्यावरून ओरडणाऱ्याची. मी एवढंच म्हटलं, की व्याही येताहेत.

हो ना! ताराचा पहिला वाढदिवस तोंडावर, सगळे नाशिकला येणार, आणि आल्या आल्या त्या माणसाची नजर कुठं जाणार? आणि तुम्हाला खरं सांगतो, मला भीती बाटलीची नव्हती. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही. त्यांना घरात कुणी नाही, आणि आमची पोरगी आता त्यांच्या अंगणात. त्या माणसानं दोन्ही हातांनी एक वस्तू माझ्या हातात ठेवली होती, की हे घ्या, आता आपण एक घर. आणि मी ती उन्हात शिजवली! काय तोंड दाखवू?

मग सुचेल ते सुचायला लागलं. गंगापूर रोडच्या दुकानात गेलो, म्हटलं, 'अशीच दिसणारी एखादी दाखवा.' दुकानदार म्हणाला, 'काका, चवीला कशी पाहिजे?' मी म्हटलं, 'चव राहू दे, खांदे असे पाहिजेत.' तो म्हणाला, 'काका, स्थळ बघताय की वाइन?' घरी येऊन लताला बेत सांगितला, की दुसरी आणू, तिच्यावर हे लेबल चिकटवू. लतानं हातातलं काम ठेवलं. म्हणाली, 'दारू न पिण्याचं पाचवं शील सांभाळून मी बंद बाटली घरात ठेवून घेतली. आता त्या बाटलीसाठी चौथं मोडायचं? खोटं बोलायचं? आणि तेही नातीच्या ठेवीत?' मी म्हटलं, 'मग काय करू?' तर म्हणाली... काय म्हणाली असेल? थांबा म्हणे! 'थांबा, येऊ द्या त्यांना, मी बोलते.'

आले. व्याहीबुवा दारातच हात जोडून 'जय भीम' म्हणाले. त्यांचा 'जय' जरा घसरतो, पण मनापासून असतो. तारा माझ्याकडं झेपावली, ओळखलं तिनं मला, पडद्यावरचा आजोबा खरा निघाला म्हणून नाक ओढून बघितलं. एवढा आनंद, एवढा आनंद, पण माझा एक डोळा व्याह्यांच्या नजरेवर. चहा झाला. व्याह्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, 'बाटली?'

लता बाहेर आली. बाटली फडक्यासकट टेबलावर ठेवली, कमरेवर हात ठेवले, आणि मराठीत सरळ सांगून टाकलं. 'मी हिला ऊन दाखवलं. रोज हलवली. हे नव्हते तेव्हा. ह्यांचा दोष नाही.' स्नेहाच्या हातातला कप तसाच राहिला. पास्काल पंख्याकडं बघायला लागला. व्याही म्हणाले, 'काय म्हणाल्या त्या?' स्नेहानं सांगितलं. त्यांना वाटलं सांगण्यात चूक होतेय. त्यांनी बोट वर केलं, खिडकीबाहेर, सूर्याकडं. लतानं मान हलवली, 'हो हो, तोच.' मग त्यांनी हवेत बाटली हलवून दाखवली. लतानं त्याहून जोरात हलवून दाखवली. 'अशी!'

व्याही लाल झाले. मला वाटलं, गेलं, नातं गेलं. त्यांचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडताहेत... आणि तो माणूस हसला हो! असा हसला, असा हसला, की खुर्चीवरून घसरला, डोळे पुसायला टेबलावरचं काही सापडेना तेव्हा बाटलीच्या गळ्यातलं फडकं घेतलं! त्यांचं बघून तारा हसायला लागली, तिचं बघून सगळे. मी हसलो तो सगळ्यांत शेवटी, आणि थांबलो तोही सगळ्यांत शेवटी.

मग म्हणाले, 'आता हिला वाट बघायला लावण्यात अर्थ नाही, आजच उघडू.' ऐकलंत? आजच! माझ्या कानांचं सोनं झालं. बूच जवळजवळ आपणहूनच बाहेर आलं. स्टीलच्या पेल्यांत ओतली. व्याह्यांनी पेला फिरवला, नाक आत घातलं, घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि चेहरा असा केला की शेजारी कुणी गेलंय. म्हणाले, 'उन्हानं शिजली. करवंद गेलं, पेन्सिल गेली, कणा मोडला. आता ही वाइन नाही. ही...' आणि एक फ्रेंच शब्द म्हणाले. स्नेहा कशीबशी हसू आवरत म्हणाली, 'आई, ते म्हणताहेत, हिचा मुरांबा झालाय.'

लता काय म्हणाली असेल? 'मग! तोच तर करत होते मी!'

आणि वर पेला नाकाशी धरून, प्यायली नाही हं, नुसता वास घेऊन तिनं निकाल दिला. 'बरा आहे. पण अजून कच्चा आहे. चार उन्हं आणखी पाहिजे होती.' मला विचाराल तर, मला आवडली हो! मनुका उकळल्यासारखी, जरा जळकी, पण छान. व्याही सुतकात, आणि मी आपला दुसऱ्यांदा पेला पुढं करतोय. पास्काल हळूच म्हणाला, 'पप्पा, तुम्हाला खरंच आवडली?' अरे बाबा, एवढे महिने वाट बघितल्यावर माणसाला काढासुद्धा आवडतो!

पण खरी मजा पुढंच झाली. लताला वाटलं, पाहुण्यांच्या तोंडाची चव गेली, काहीतरी द्यावं. आत गेली आणि तिची ती बरणी घेऊन आली. काळी लिंबं. तिच्या आईनं घातलेलं लोणचं, स्नेहाच्याही जन्माआधीचं. ते आमच्याकडं जेवायला नसतं हो, औषधाला असतं. कुणाचं तोंड कडू झालं, ताप उतरला, की नखाएवढं. लिंबू आता लिंबू राहिलेलं नाही, काळं कुळकुळीत, जिभेवर ठेवलं की विरघळतं. व्याह्यांनी बशी डोळ्यांजवळ नेली. उजेडात धरली. हुंगली. परत हुंगली. चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळे मिटले... आणि आम्ही सगळे बघत राहिलो. मग एकेक बोट मिटायला लागले! 'जुनं लाकूड... खजूर... समुद्राचं मीठ... चामडं... धूर... आणि मागून, फार मागून, लिंबाचं फूल!' डोळे उघडले तर पाण्यानं भरलेले. लताला विचारलं, 'किती वर्षं ठेवता येतं?' लता म्हणाली, 'ठेवणाऱ्याला दम असेल तेवढी.' स्नेहानं हे फ्रेंचमध्ये सांगितलं आणि तो माणूस उठून उभा राहिला हो! लतापुढं कमरेत वाकला. म्हणाला, 'माझ्या गावात एवढं जुनं फक्त चर्च आहे.' मी आपला कोपऱ्यात, हातात तिसरा पेला. एवढी वर्षं ते लोणचं मी तापात खात आलो, मला त्यात कधी लिंबाचं फूल सापडलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. सुटलो मी. मलाही तेच वाटलं! तेवढ्यात व्याह्यांनी बॅग ओढली. स्वेटर. त्यात स्वेटर. त्यात स्वेटर... आतून निघाली दुसरी बाटली, आणि केवढी, तर पहिलीच्या दुप्पट! त्याच गावची, त्याच वर्षाची. स्नेहा म्हणाली, 'पप्पा, ही वाढदिवसाची. मोठ्या बाटलीत वाइन जास्त, हवा कमी, म्हणून ही आणखी सावकाश मुरते. अठरा नाही. ही तारा पंचवीसची झाल्यावर.' थांबा म्हणे! अजून थांबा म्हणे!

मी म्हटलं, 'सांग त्यांना, मी त्रेसष्टचा आहे. तेव्हा सत्त्याऐंशीचा असेन.' व्याही हसले. म्हणाले, 'मी सत्तरचा. मी बहुतेक नसेनच. तुम्ही असा. तुम्ही उघडा, आणि माझ्या वाटणीचा घोट ताराला द्या.' हे ते इतक्या सहज म्हणाले ना... आणि बोललं कोण, तर लता. जिनं जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता ती! म्हणाली, 'स्नेहा, त्यांना नीट सांग. उघडायची तर दोघा आजोबांनी मिळून. एकट्याला मी उघडू देणार नाही. मरायचं-बिरायचं त्यानंतर बघू.'

मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं. हात पुढं केला. दिला मी हातात हात. आता दिला शब्द! काय करता?

पास्कालनं तो छोटा फ्रिज आणला. आता बाटली चौदा अंशात, आणि आम्ही दोघं पंख्याखाली. लता त्या फ्रिजकडं बघतसुद्धा नाही, फक्त जाता-येता म्हणते, 'एवढी गारठवून ठेवलीय, कधी मुरायची बिचारी!' पण माझ्याकडं मात्र तिचं बारीक लक्ष. सहल झाली, वाढदिवस झाला, आणि दुसऱ्याच दिवशी मला डॉक्टरकडं. साखर वाढलेली, बीपी वाढलेलं. झालं! सत्त्याऐंशी गाठायचे ना? मग रोज सकाळी गोदापार्क, चालायचं, पळ काढायचा नाही. चहात साखर बंद. खिशातली तंबाखूची पुडी बंद. शनिवारी केरूकडं जुन्या कंपनीवाल्यांची बैठक असायची, दोन पेग, शेंगदाणे... केरूला लतानं स्वतः फोन केला, 'ह्यांची खुर्ची काढून टाका.' तळलेलं बंद, जागरण बंद. आणि तिकडं व्याहीबुवांचं तेच! त्यांचे सिगार बंद, लोणी बंद. रविवारी आम्ही दोघं फोनवर समोरासमोर बसतो, ते त्यांचा साखरेचा आकडा दाखवतात, मी माझा दाखवतो. भाषेची अडचणच संपली. मागच्या रविवारी माझा त्यांच्याहून कमी आला, तर तारा टाळ्या वाजवत होती!

आता केरू रस्त्यात भेटला की म्हणतो, 'नवनाथ, तुझ्या घरात दारू आली आणि तू सुटलास रे आमच्या हातातनं!' खोटं थोडंच आहे? तुम्हाला सांगतो, दारूच्या बाटलीनं बिघडलेली माणसं मी पाहिलीत, हवी तेवढी पाहिलीत. पण एका बाटलीनं पार सुधारून टाकलेला माणूस आख्ख्या नाशकात मी एकटाच... आणि तेही न उघडता!